लांडग्याचा सूर

पेटी मी एकटीनंच टांग्यातून उतरवली. टांगेवाला घोड्याला पाणी पाजायला गेला होता, आणि ज्यांच्या दारात मी आले होते ते पास्कल तुस्कानो सर ओट्यावर उभे राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, माझी धडपड बघत होते. सेलोची पेटी म्हणजे काही भाजीची पिशवी नव्हे. माझ्या खांद्याएवढी उंच, आणि केळीच्या बागेतून ओट्यापर्यंत जाणारी वाट पाटाच्या पाण्यानं निसरडी झालेली. दोनदा माझी चप्पल चिखलात रुतली. सरांनी एक पाऊलही पुढं टाकलं नाही.

‘काय पण माणूस आहे!’ मी मनात म्हटलं. ‘पाहुणी बाईमाणूस, निदान एका बाजूनं धरावं की नाही?’

“आलीस?” मी ओट्यावर पोचल्यावर ते म्हणाले. “दस्तूरनं धाडलं ते तू?”

“हो सर. हेमांगी साळवी. ठाण्याहून आले.”

“बस, साळवी. आधी घाम पूस.”

सेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. आमच्या घरी तो आला माझ्या वडिलांमुळं. अण्णा पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आणि मुंबईतल्या जुन्या वाद्यांच्या दुकानातून हा सेलो त्यांनी माझ्यासाठी हौसेनं आणला होता. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं होतं, “अगंबाई, एवढा मोठा तंबोरा?”

पण आता अण्णांचाही धीर सुटत चालला होता. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात सेलोची एक जागा रिकामी होती. तिच्या परीक्षेत मी सगळं नीट वाजवलं, आणि संथ भागातला जो एक लांबलचक सूर, ज्याच्यावर त्या रचनेचा सगळा डोलारा उभा, नेमका तिथंच माझा सेलो घुरघुरला. ऑर्केस्ट्राचे प्रमुख दस्तूरसाहेब हसले नाहीत, हेच त्यांचे उपकार. “पोरी, बाकी सगळं ठीक आहे,” ते म्हणाले, “पण तुझा सेलो ऐन पंगतीत ढेकर देतो. सोमवारी परत ये. मधे वसईला जा. तिथं तुस्कानो म्हणून आहे. रागीट आहे, पण जाच.”

सोमवारी जमलं नाही तर सेलो विकायचा आणि मी टायपिंगची नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं. गिऱ्हाईकसुद्धा तयार होतं. अण्णांनी ते मला जेवताना, ताटातली कोशिंबीर उगाच इकडची तिकडं करत सांगितलं. शनिवार-रविवार हाताशी होता म्हणून मी वसईची एसटी पकडली.

सरांची बायको पाणी घेऊन बाहेर आली. उंच, सडसडीत, डावा पाय किंचित ओढत चालणारी. “मी मार्था. मावशी म्हण,” तिनं सांगून टाकलं. “ऊन लागलं का गं बाय? ह्यांच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नकोस. तोंड तिखट आहे, पोट नाही.”

“पेटी उघड,” सर म्हणाले.

मी कड्या काढल्या, झाकण उघडलं, वरचं फडकं बाजूला केलं. सर वाकून बघत राहिले. मग वळले आणि आत गेले. मी सेलो बाहेर काढला, तारा जुळवल्या, सारंगीच्या गजासारखा आमचा जो बो असतो त्याला राळ लावली, पुन्हा तारा जुळवल्या. सर येईनात. आत मावशीचा आवाज अगदी हळू येत होता, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले तेव्हा तोंडावर पाणी मारून आलेले दिसले. केसांतून थेंब गळत होते.

“एफच्या सुरावर ओरडतो,” ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

मी अजून एक सूरही वाजवला नव्हता. “दस्तूरसाहेब बोलले का तुम्हाला?”

“दस्तूरला काय कळतंय! ती घोडीखाली नळी कसली आहे?”

सेलोच्या तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, तिच्या खालच्या बाजूला एका तारेवर मी पितळेची बारीक नळी बसवून घेतली होती. दुरुस्तीवाला म्हणाला होता, यानं लांडगा गप्प बसतो. लांडगा हा आमच्यातला शब्द. सेलोच्या लाकडाचा स्वतःचा एक सूर असतो. तारेवर नेमका तोच सूर वाजवला की तार आणि लाकूड एकमेकांशी भांडायला लागतात, आणि आवाज लांडग्यासारखा घुरघुरतो. माझा लांडगा एफवर होता, आणि परीक्षेतला तो लांबलचक सूरही एफच.

“काढ ती नळी.”

“सर, नळी काढली तर मग फारच...”

“काढ म्हटलं ना.”

नळी घट्ट बसली होती. मला वाटलं, आता हे स्वतः पुढं होतील. पण ते आपले हात मागं बांधून उभे. शेवटी मीच दोन नखं मोडून ती काढली.

“आता वाजव एफ.”

मी बो टेकवला. असा काही आवाज निघाला म्हणता, विहिरीच्या काठावरचे कावळे उडाले आणि शेजारच्या वाडीतलं कुत्रं प्रेमानं उत्तर द्यायला लागलं. आत मावशी फिस्सकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचे डोळे मात्र लकाकले.

“जिवंत आहे!” ते म्हणाले. “साळवी, मेलेल्या लाकडाला लांडगा नसतो. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास आणि वर विचारतेस, हा गात का नाही म्हणून?”

असं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. आजवरच्या शिक्षकांनी त्या सुराशी आल्यावर तोंड वाकडं केलं होतं, नाहीतर त्यातून पटकन सटकायच्या युक्त्या शिकवल्या होत्या. हा पहिलाच माणूस, ज्याला तो ऐकून आनंद झाला.

पण त्या दिवशी त्यांनी मला तो सूर पुन्हा वाजवूच दिला नाही. नुसती मोकळी तार, डाव्या हाताचं बोटही न लावता. बो इकडून तिकडं, तिकडून इकडं. जेवणाची वेळ झाली तरी तेच. ते समोर स्टुलावर बसायचे, उठायचे, माझ्याभोवती फिरायचे. मधेच थांबून, “आता खोटं बोललीस,” म्हणायचे. मी म्हणायची, “सर, मी तीच तार वाजवतेय.” ते म्हणायचे, “तीच तार, पण बोच्या टोकाशी तू कंटाळलीस. सूर अजून संपला नव्हता, तू आधीच परत फिरलीस. पाहुणा उंबऱ्यात असताना कुणी दार लावतं का?” आणि मी पुन्हा वाजवलं की खरंच ऐकू यायचं, टोकाशी मी कशी दार लावत होते ते.

जेवणानंतर त्यांनी स्टूल ओढून माझ्या अगदी समोर घेतलं, उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात पुढं केला.

“इथं वाजव.”

“कुठं?”

“माझ्या हातावर. बो ठेव.”

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. बो त्यांच्या हातावर टेकवला आणि ओढला.

“हे काय? माशी बसली का हातावर? वजन दे. खांद्यातून नको. खांदा काय करणार बिचारा, पाठीतून येऊ दे. हां... नाही, आता ओरबाडतेस. परत. परत. घाई करू नकोस.” मी ओढत राहिले. त्यांनी डोळे मिटले होते. “आता. आता मला कळलं तू आलीस.”

त्यांच्या काळ्याभोर हातावर राळेची पांढरी रेघ उमटली होती. त्यांनी ती पुसली नाही. संध्याकाळी मावशीनं विहिरीवरून पाणी आणायला कळशी घेतली तेव्हा त्यांनी मलाच हाक मारली आणि पोहऱ्याचा दोर हातात दिला. “ओढ. ओढताना हाताला विचारतेस का, किती जोर लावू? पोहराच सांगतो ना? तारही सांगते. तू ऐकत नाहीस.” मग मी कळश्याच कळश्या भरल्या. मावशी म्हणाली, “अहो, पुरे. आज काय सगळ्या गावाला आंघोळ घालायची आहे?”

हात भरून आले होते, पण मन हलकं झालं होतं. एखाद्याला वाद्याची एवढी तहान असू शकते, हे मला माहीतच नव्हतं. एकच गोष्ट कळत नव्हती. दिवसभरात त्यांनी एकदाही स्वतः वाजवून दाखवलं नाही. माझे आधीचे सगळे शिक्षक सेलो माझ्या हातातून घेऊन, ‘असं, असं,’ करून दाखवायचे. सरांच्या घरात तर सेलो दिसतही नव्हता. ओट्याच्या भिंतीवर चर्चमधल्या माउलीची तसबीर, शेजारी एक रिकामा खिळा, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सर चर्चमधल्या मिस्साहून आले ते पांढऱ्या सदऱ्यातच समोर येऊन बसले. मी संथ भाग वाजवायला घेतला. लांडग्याच्या सुरापर्यंत पोचले आणि व्हायचं तेच झालं. परत. परत. काही केल्या जमेना.

“थांब.” ते उठून माझ्या मागं गेले. “आता वाजव.” मी वाजवलं. “कळलं. तो सूर यायच्या चार सूर आधी तुझा खांदा वर जातो. ऐकणाऱ्याला लांडगा ऐकू येत नाही, साळवी. त्याला तुझा खांदा ऐकू येतो. तू घाबरलीस हे तू आधीच दवंडी पिटून सांगतेस, मग तो बिचारा ओरडणार नाही तर काय करेल?”

मला धक्काच बसला. इतकी वर्षं मी त्या एका सुराशी झगडत होते, आणि चूक त्याच्या चार सूर आधी होती.

मग जे सुरू झालं ते कसं सांगावं, मला अजून नीट उमगत नाही. साठीला आलेला तो माणूस फरशीवर गुडघे टेकून बसला. कान सेलोच्या अगदी जवळ आणला आणि उजवा तळहात लाकडापासून बोटभर अंतरावर धरला. लाकडाला हात लागत नव्हता, पण प्रत्येक सुरागणिक तो तळहात थरथरत होता. ते फाटक्या आवाजात गात होते, मधेच ओरडत होते, “पुढं! पुढं! इथं श्वास घे! आता त्याच्याकडं जा, पळू नकोस, त्याच्या अंगावर जा!” मी चुकले की कपाळावर हात मारून घ्यायचे, आणि एखादी जागा साधली की लहान मुलासारखे हसायचे. सदरा घामानं भिजला. एकदा तर डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मला वाटायला लागलं की सेलो मी वाजवतच नाही, हाच माणूस माझ्या हातांनी वाजवतोय. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्याच वेळी तिथून कधी उठूच नये असंही वाटत होतं.

आणि तरी तो सूर घुरघुरतच होता. दुपार व्हायला आली. उद्या सोमवार. माझा धीर सुटला.

“सर,” मी बो त्यांच्यासमोर धरला, “तुम्ही एकदा वाजवून दाखवा ना. एकदाच. मी बघून करीन.”

ते ताडकन उभे राहिले. चेहरा असा झाला, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

“बघून कधी कुणी शिकलंय?” ते म्हणाले, आणि तरातरा विहिरीकडं निघून गेले.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. हातात कांदा होता, डोळे पुसत होती. मी म्हटलं, “मावशी, माझं चुकलं का?” ती तशीच आत गेली. मी बो मांडीवर ठेवून बसून राहिले. संपलं, असं वाटलं. आता पेटी भरायची आणि घरी जाऊन अण्णांना सांगायचं, त्या गिऱ्हाइकाला बोलवा.

सर परतले तेव्हा शांत होते. ओट्याच्या कडेला माझ्याकडं पाठ करून, बागेकडं तोंड करून बसले.

“उजवा गुडघा थोडा खाली घे,” ते म्हणाले. “अजून. आत वळव. सेलोच्या कडेला एका जागी पॉलिश उडालंय. खरखरीत लागतं. सापडलं?”

सापडलं. त्या डागाची मला नेहमी लाज वाटायची. वाजवताना ओढणी त्याच्यावर पडेल अशी मी बसायची.

“तिथं गुडघा टेकव. दाबायचं नाही. घाबरलेल्या वासराच्या मानेवर हात ठेवतो तसा. तो सूर येईल तेव्हा लाकडाला नुसतं कळू दे की तू आहेस. बो घोडीकडं घे, वजन दे, कालच्यासारखं. आणि खांदा?”

“खाली.”

“वाजव.”

मी वाजवलं. चार सूर आधी खांदा वर जायला निघाला, मी त्याला जाऊ दिलं नाही. आणि तो सूर आला. आतून घुरघुर उठली, गुडघ्याला ती स्पष्ट लागली, लाकूड अंग झाडून उभं राहिल्यासारखं. मी तिथंच राहिले. मग ती घुरघुर त्या सुरातच मिसळली आणि सूर असा काही उघडला की तो माझ्या सेलोतून निघतोय यावर माझा विश्वास बसेना. शेजारी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. इतका मोठा, इतका भरलेला आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. बो संपेपर्यंत मी तो धरून ठेवला. दार लावलं नाही.

सर वळलेच नाहीत. मग म्हणाले, “हेमांगी, जेवून घे.”

त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

जेवण झालं आणि सर बागेत पाणी सोडायला गेले. मी पेटी भरायला बसले तेव्हा मावशी पाय ओढत आली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली. तिनं सेलोच्या कडेच्या त्या डागावरून बोटं फिरवली.

“हा आमच्या ह्यांचा गुडघा,” ती म्हणाली.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“काल तू पेटी उघडलीस आणि हे आत येऊन चुलीपाशी बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, ‘मार्था, तो आला.’ मला आधी कळेचना, कोण आला. तुला सांगू नकोस म्हणून बजावलंय मला. म्हणे पोरीला कळलं तर उद्या तिचा हात चालणार नाही. पण तुला कळलं नाही तर तू ह्यांना दगड समजून जाशील, ते मला नाही सोसणार.”

मग तिनं सांगितलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा तिला मेंदूज्वर झाला. शुद्ध नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. सर मुंबईत वाजवत होते. निरोप मिळाला तसे सेलोसकट आले, ते घरी न येता सरळ चर्चमध्ये गेले आणि माउलीपुढं नवस बोलले. मार्था वाचू दे, मी पुन्हा सेलोला हात लावणार नाही. आणि सेलो तिथंच ठेवून हॉस्पिटलात आले.

“आमच्याकडं सणाच्या दिवशी नवसाच्या वस्तूंचा लिलाव होतो,” मावशी म्हणाली. “केळीचे घड, कोंबडे, भोपळे. त्या वर्षी त्यात एक सेलो. फादर म्हणाले, ‘पास्कल, घेऊन जा रे परत, देव तुझ्यावर रागावणार नाही.’ हे ऐकतात कुठले! मुंबईच्या कुठल्या दुकानदारानं तो नेला. तेव्हापासून पोरांना शिकवतात, पण हात पाठीमागं. लोक म्हणतात, मार्थापायी एवढा वाजवणारा गेला. मी म्हणते, मी मागितलं होतं का? मी तर बेशुद्ध!” ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “मी बरी झाले तेव्हा हे उशाशी होते. मी म्हटलं, काहीतरी वाजवा ना. तेव्हा कळलं मला.”

परीक्षा, नोकरी, गिऱ्हाईक सगळं डोक्यातून गेलं. सेलो उचलला आणि तशीच बागेत गेले. सर पाटाच्या कडेला फावडं घेऊन उभे होते.

“सर, हा तुमचा आहे.”

त्यांनी माझ्यामागं ओट्याकडं बघितलं. मार्था मावशी तिथं खांबाला टेकून उभी होती.

“सांगितलंन ना शेवटी,” ते म्हणाले. रागावले नव्हते. “लिलावात गेलेला कोंबडा कुणी परत मागतं का, हेमांगी?”

“नुसता हात तरी लावा.”

“नवसात ‘नुसता’ नसतं.” त्यांनी फावड्यानं माती ओढली, पाण्याला दुसऱ्या ओळीकडं वाट करून दिली. “ती समोर हिंडतेफिरते आहे. माझा सौदा तोट्यात नाही. जा, तिला वाजवून दाखव. तिनं मागितलं होतं, आणि मला देता आलं नव्हतं.”

मी ओट्यावर बसून वाजवलं. मावशी समोर बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी मधे एकदाच बागेकडं बघितलं. सर पाठमोरे उभे होते. डाव्या हातात फावड्याचा दांडा होता आणि त्या दांड्यावर चार बोटं माझ्याबरोबर सरकत होती, दाबत होती, लांब सुरावर थरथरत होती. एकही बोट चुकलं नाही. मी पुन्हा तिकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला पुढं वाजवता आलं नसतं.

सोमवारी परीक्षा झाल्यावर मी घरी न जाता पेटीसकट पुन्हा वसई गाठली. सर विहिरीवर होते. निवड झाली का, हे त्यांनी विचारलंच नाही.

“ओरडला?”

“ओरडला. थोडासा.”

“मग?”

“मी थांबले नाही. दस्तूरसाहेब डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, हा सूर मी फार वर्षांपूर्वी ऐकलाय.” मी त्यांच्याजवळ सरकले. “जागा मिळाली, सर.”

“हां,” ते म्हणाले, आणि दोर कप्पीवरून खाली सोडत राहिले. पोहरा पाण्याला लागल्याचं त्यांना बराच वेळ कळलंच नाही. मावशीनं मात्र मला पोटाशी धरून माझं तोंड कुरवाळलं आणि गूळखोबरं हातावर ठेवलं.

उशीर करून चालणार नव्हतं, अण्णा वाट बघत असतील. मी निघाले. ओट्यावरची पेटी उचलायला वाकले आणि माझ्याआधी दोन हात तिथं आले. सरांनी ते विहिरीवर स्वच्छ धुतले होते, सदऱ्याला पुसले होते. त्यांनी पेटी उचलली आणि खांद्यावर घेतली.

“अहो!” मावशी ओरडलीच.

“काय अहो? मी सेलोला हात लावणार नाही म्हटलं होतं. ही पेटी आहे.”

“माउलीला चालेल ते?”

“काल संध्याकाळी जाऊन विचारून आलोय.”

केळीच्या बागेतून ते माझ्यापुढं चालत होते, तीच निसरडी वाट, पण एकदाही पाय घसरला नाही. स्टँडवर एसटी उभीच होती. कंडक्टर दारातून म्हणाला, “काका, ती पेटी टपावर टाका.”

“टपावर?” सरांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो बाजूला झाला. ते पेटीसकट वर चढले, खिडकीजवळच्या बाकावर बसले आणि पेटी समोर उभी केली. मी शेजारी बसले. घंटी वाजली, गाडी हलली.

“सर, गाडी सुटली. तुम्हाला उतरायचंय ना?”

“दोन ठाणे,” सर कंडक्टरला म्हणाले.

त्यांनी पेटी दोन गुडघ्यांमध्ये नीट धरली होती आणि तिच्या मानेला गाल टेकवला होता. उजवा गुडघा कुठं टेकलाय ते मी बघितलं, आणि मग ठाणं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.